लॉन्ड्रीकडच्या गोलपोस्टची मोजणी

आठ सामन्यांत माझ्यावर एकतीस गोल झाले. हा आकडा मीच ठेवलेला आहे, कारण आमच्या संघात आकडे ठेवायचं काम गोलकीपरकडे असतं. बाकीचे दहा जण पळत असतात. मला मात्र मधूनमधून, म्हणजे जाळीतला चेंडू काढून परत द्यायच्या वेळेला, थोडी उसंत मिळते.

आमचं मोजणी खातं. लोकांचे प्लॉट आणि कुंपणं मोजायची, हद्दीच्या खुणा रोवायच्या आणि त्यावरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत जुंपायच्या आत टेप गुंडाळून निघून यायचं, असं कामाचं स्वरूप. दर रविवारी आम्ही दहा कार्यालयांच्या फुटबॉल लीगमध्ये खेळतो. मैदान एकच. त्याच्या एका टोकाला शाळेची भिंत, दुसऱ्या टोकाला लॉन्ड्री. लीगचा नियम असा की शेवटच्या नंबरावर राहील तो संघ बाहेर. आम्ही खालून दुसरे होतो. खालून पहिला होता गुरांच्या दवाखान्याचा संघ. आमच्याहून एक गुण कमी. आणि नववा, शेवटचा सामना त्यांच्याशीच होता. बरोबरी झाली तरी आम्ही वाचणार होतो. हरलो तर मात्र रविवारी सकाळी घरी बसून माळे आवरायचे.

सोमवारी आमच्या कप्तानांनी, म्हणजे कार्यालयाच्या मोठ्या साहेबांनी, मला मेमो दिला. साहेब कुठलाही आदेश तोंडी देत नाहीत. त्यांनी बायकोला लग्नाची मागणीसुद्धा दोन प्रतींत घातली असावी असा आमचा अंदाज आहे. मेमोचा विषय होता, 'गोलरक्षणातील हयगय'. मजकूर असा : 'गुरांच्या दवाखान्याविरुद्धच्या नवव्या सामन्यात आपणावर एक जरी गोल झाला, तरी त्यापुढील सर्व सामन्यांसाठी गोलरक्षणाचे काम जीपचे ड्रायव्हर यांच्याकडे सोपवण्यात येईल. पोच द्यावी.' मी पोच दिली.

आता खरं सांगतो. मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. कार्यालयात माझं टेबल फायलींच्या कपाटामागे आहे. घरी माझी खुर्ची टीव्हीच्या अशा कडेला आहे की मला फक्त बातम्या देणाऱ्याचा कान दिसतो. अख्ख्या जगात एकच जागा अशी की तिथे मी नसलो तर लोक 'अरे, हा कुठे गेला?' म्हणून ओरडतात, आणि ती म्हणजे त्या दोन खांबांच्या मधली. मी असताना काय ओरडतात तो भाग निराळा. आता तीच जागा जायची वेळ आली होती. ड्रायव्हर सहा फुटांचा आहे, हात वर केला की आडव्या दांड्यावरची धूळ पुसतो. एकदा मी तिथून हटलो, की मला परत कुणी विचारणार नव्हतं.

घरी मेमो वाचून दाखवला. बायको म्हणाली, "बरं झालं. गुडघ्याला तेल लावायचं काम वाचेल." सासूबाई सगळे सामने पाहायला येतात आणि मुकाट्याने पाहत नाहीत. त्या म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही चेंडू यायच्या आधीच डोळे मिटता. मी आठही सामन्यांत बघितलंय." समोरच्या फ्लॅटमध्ये चष्म्याचं दुकान चालवणारे गृहस्थ राहतात. त्यांनी जिन्यातच माझी तपासणी उरकली. एका डोळ्यावर माझाच रुमाल धरायला लावून त्यांनी खालच्या मजल्यावरच्या नावाच्या पाट्या मला वाचायला लावल्या. मी धडाधड वाचल्या. ते म्हणाले, "वाचल्यात छान. पण या पाट्या तुम्हाला पाठ आहेत, त्यामुळे निदान होत नाही." तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर पाटीवरचं आपलं नाव ऐकून बाहेर आले आणि गुडघे किती वाकवावेत यावर त्यांनी वीस मिनिटं मार्गदर्शन केलं. त्यांनी आयुष्यात फुटबॉल पाहिला नव्हता. पण पार्सलं झेलली होती.

दोष आपला नाही, हे सिद्ध करायचं असेल तर माणसाला आकडे लागतात, आणि आकडे माझ्याकडे होते. एकतीसपैकी एकोणीस गोल लॉन्ड्रीकडच्या गोलपोस्टमध्ये झाले होते, शाळेकडच्या गोलपोस्टमध्ये फक्त बारा. गोलकीपर तोच, हातमोजे तेच, मग एवढा फरक का? माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लॉन्ड्रीकडचा गोलपोस्ट मोठा आहे! इतक्या सरळ गोष्टीकडे मोजणी खात्यातल्या माणसाचं आजवर लक्ष जाऊ नये याची मला लाज वाटली.

मंगळवारी सकाळी बायकोला फिरायला नेतो म्हणून मैदानावर नेलं आणि तिच्या हातात टेपचं टोक दिलं. तिला आमच्या फिरण्याची कल्पना आहे.

"अहो, आतून धरू की बाहेरून?" एवढंच तिने विचारलं.

"बाहेरून!" मी म्हणालो. "मोजणीदाराची बायको ना तू? खांबाची जाडी ज्याची त्याच्यात धरायची असते."

बाहेरून बाहेर माप भरलं सात मीटर पन्नास. नियमाप्रमाणे हवं सात मीटर बत्तीस. तब्बल अठरा सेंटिमीटर जास्त! मी तिथल्या तिथे उडी मारली. गोलपोस्टपाशी मी मारलेली ती त्या मोसमातली सर्वांत उंच उडी होती.

लीगचे सेक्रेटरी म्हणजे एक निवृत्त हेडमास्तर. माझा अर्ज त्यांनी लाल पेनने दुरुस्त केला, शुद्धलेखनाचे दहापैकी सहा दिले आणि सांगितलं की मोजणी अधिकृत हवी, म्हणजे मोजणी खात्याकडूनच हवी. त्यांनी रीतसर पत्र आमच्या खात्याला लिहिलं. ते बुधवारी आवक बारनिशीतून, म्हणजे आलेल्या पत्रांच्या नोंदवहीतून, फिरून माझ्याच टेबलावर आलं. मी ते वाचलं आणि कर्तव्यबुद्धीने शेरा मारला : 'अर्जदाराचा सदर मोजणीत हितसंबंध असल्याने प्रकरण शेजारच्या विभागाकडे वर्ग करावे.' मोठ्या साहेबांनी सही केली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "अर्जदार तुम्हीच, शेरा तुमचाच. गोल अडवताना ही तत्परता कुठे जाते?"

आमच्या खात्याचा मोजणीचा छापील नमुना मुळात जमिनीसाठी आहे, गोलपोस्टसाठी नाही. पण रकाना मोकळा सोडला की प्रकरण परत येतं. मी सगळे रकाने भरले. चतुःसीमा : समोर मैदान, मागे जाळी व त्यामागे लॉन्ड्री, दोन्ही अंगांस गवत. कब्जेदाराचे नाव : माझं. कब्जा शांततेचा आहे काय? नाही. अतिक्रमण झाले असल्यास किती वेळा? एकोणीस.

शेजारच्या विभागाचे मोजणीदार शुक्रवारी आले. हेडमास्तर हजर, मोठे साहेब हजर, गुरांच्या दवाखान्यातर्फे त्यांचा कंपाउंडर हजर. हा कंपाउंडर त्यांचा मुख्य खेळाडू. दिवसभर बैल आडवे पाडून त्यांना औषध पाजतो, त्यामुळे माणूस आडवा पाडताना त्याला वेगळे कष्ट पडत नाहीत. एरवी स्वभावाने गरीब. पाडल्यावर पाठीवरून हात फिरवतो.

मोजणीदारांनी टेप काढली आणि एका खांबाच्या आतल्या अंगाला लावली.

"बाहेरून," मी हळूच सुचवलं.

"का?"

"खांबाची जाडी धरून."

"साहेब," ते म्हणाले, "चेंडू खांबातून आरपार जातो का?"

मी लॉन्ड्रीकडे बघितलं. तिथे चादरी वाळत होत्या. वीस वर्षं मी भिंतींच्या बाहेरून टेप लावत आलो होतो. घराची मोजणी बाहेरून करतात, पण दाराची आतून, हे माझ्या बायकोला टेपचं टोक हातात धरताच कळलं होतं. एकेक खांब बारा सेंटिमीटर जाड. आतलं माप भरलं सात मीटर सव्वीस. म्हणजे लॉन्ड्रीकडचा गोलपोस्ट नियमापेक्षा सहा सेंटिमीटर लहान होता. ज्या गोलपोस्टमध्ये मी एकोणीस गोल होऊ दिले, तो मुळात अरुंद होता.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. कंपाउंडरने माझ्या पाठीवरून हात फिरवला. हेडमास्तरांनी जागेवरच आदेश काढला की रविवारच्या सामन्याआधी गोलपोस्ट सहा सेंटिमीटरने रुंद करावा. मोठ्या साहेबांनी खिशातून माझ्या अर्जाची प्रत काढली, वाचली, परत घडी घातली. "पुढच्या वेळी," ते म्हणाले, "आपल्याला फायदा होईल असा अर्ज करा."

घरी सासूबाईंनी विचारलं, "मग? मोठा निघाला?" मी म्हणालो, "करणार आहेत."

शनिवारी वेल्डर आला. त्याने आडवा दांडा कापला, मधे तुकडा जोडला, एक खांब सरकवून पक्का केला. त्याने किती सरकवला हे कुणी पाहिलं नाही, कारण मोजणीच्या प्रकरणात आता पुन्हा बोलायची माझी हिंमत नव्हती आणि बाकीच्यांना रस नव्हता.

रविवारी नाणेफेक आम्ही हरलो आणि पहिल्या अर्ध्यात मला लॉन्ड्रीकडेच उभं राहावं लागलं. मी त्या खांबांच्या मधे उभा राहिलो तेव्हा ते सहा सेंटिमीटर मला जिकडेतिकडे दिसायला लागले. डावीकडे सरकलं की उजवीकडे मैदान पडलेलं, उजवीकडे सरकलं की डावीकडे. सासूबाई रेषेजवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या. "डोळे उघडे ठेवा!" असं त्यांचं चालू होतं. आणि मी ठेवले. पहिली वीस मिनिटं मी खरंच बरा खेळलो. एक चेंडू छातीने अडवला, एक पायाने, एक दोघांची टक्कर होऊन आपोआप बाहेर गेला तोही मी माझ्या नावावर धरला. समोर आमचे लोक आणि गुरांचे डॉक्टर एकमेकांना असे भिडले होते की पंचांच्या शिट्टीतली वाफ संपत आली. आमचा आवक कारकून लंगडत होता, त्यांच्या एका मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसरचं नाक सुजलं होतं. कुणीही बाहेर जायला तयार नव्हतं.

तिसाव्या मिनिटाला कंपाउंडर एकटा सुटला. मी पोस्टमास्तरांनी सांगितल्याप्रमाणे गुडघे वाकवले, पाय फाकवले आणि दोन्ही हात पसरून अख्खा गोलपोस्ट, वाढीव सहा सेंटिमीटरसकट, झाकून टाकला. चेंडू माझ्या पायांच्या मधून गेला. त्या जागेबद्दल कुणीही कधीही अर्ज केला नव्हता.

बत्तीसावा गोल. माझं काम संपलं होतं. मेमोत 'एक जरी गोल' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. मैदानाबाहेर ड्रायव्हर पिशवीतून नवे हातमोजे काढून बघत होता. आमच्या नजरा भिडल्यावर त्याने ते घाईने पिशवीत टाकले. तो माणूस वाईट नाही.

दुसऱ्या अर्ध्यात बाजू बदलल्या. मी शाळेकडे, आमची चढाई लॉन्ड्रीकडे. आम्ही जीव तोडून खेळलो. जीव तोडून म्हणजे साहेबांसकट. साहेब चौदा वर्षं पुढच्या फळीत खेळतात आणि चौदा वर्षांत त्यांनी एकही गोल केलेला नव्हता. शेवटची पाच मिनिटं उरली असताना गर्दीतून चेंडू त्यांच्या बुटापाशी आला. त्यांनी तो ढकलला. चेंडू संथपणे गेला, खांबाच्या आतल्या कडेला लागला, क्षणभर कुठे जावं याचा विचार केला आणि आत गेला. एक एक!

साहेब जागच्या जागी उभे राहिले. त्यांनी हात वर केले नाहीत. दोन्ही हातांनी स्वतःचा चष्मा नीट केला आणि विचारलं, "आत गेला ना?" मग सगळ्यांनी त्यांना उचललं. मी शाळेकडच्या टोकाला एकटाच नाचत होतो. आम्ही लीगमध्ये राहिलो होतो, आणि माझी जागा गेली होती, तरी मी नाचत होतो.

शिट्टी झाल्यावर कंपाउंडर हेडमास्तरांकडे गेला. "सर, तो खांब शुक्रवारी ठरलं तिथेच आहे का? वेल्डिंगनंतर कुणी मोजलंच नाही."

प्रश्न रास्त होता. निकाल त्याच दिवशी नोंदवायचा होता आणि शेजारच्या विभागाचे मोजणीदार रविवारी येणं शक्य नव्हतं. हेडमास्तरांनी विचारलं, "मग आता कोण मोजणार?"

कंपाउंडरने माझ्याकडे बोट दाखवलं. "हे मोजू देत. ज्याने स्वतःच अर्ज करून स्वतःचा गोलपोस्ट मोठा करून घेतला, तो माणूस खोटं मोजेल असं मला वाटत नाही."

टेप माझ्या खिशात होती. ती नेहमीच असते. ड्रायव्हरने एक टोक धरलं, आतून. दुसरं मी धरलं. सगळे दहा पावलांवर उभे. टेपवरचा आकडा मला एकट्यालाच दिसत होता.

सात मीटर पस्तीस.

मी पुन्हा बघितलं. सात पस्तीस. वेल्डरने कमी पडायला नको म्हणून नऊ सेंटिमीटर सरकवला होता. तीन सेंटिमीटर जास्त. 'बत्तीस' म्हटलं असतं तर संघ वाचत होता, साहेबांचा चौदा वर्षांतला एकुलता एक गोल वाचत होता. 'पस्तीस' म्हटलं तर सामना रद्द. आणि सामना रद्द म्हणजे माझ्या पायांमधून गेलेला तो गोलही रद्द. हे आत्ता माझ्या लक्षात आलं. आता मी खरं बोललो तरी ते स्वतःसाठी बोललो असं सगळे म्हणणार होते. मी तिसऱ्यांदा बघितलं. त्या तिसऱ्या वेळी आकडा तोच असावा असं मला मनातून वाटत होतं, हे आज कबूल करून टाकतो.

"सात पस्तीस," मी म्हणालो.

साहेबांनी डोळे मिटले. मग चालत आले, खाली वाकले आणि टेप स्वतः वाचली. "तीन सेंटिमीटर," ते म्हणाले. "बरोबर मोजलंत." एवढंच बोलून ते बूट काढायला गेले.

हेडमास्तरांनी निकाल दिला : सामना झालाच नाही असे समजावे. खांब नीट करून पुढच्या रविवारी पुन्हा खेळावा.

तो आठवडा मी कसा काढला ते विचारू नका. कार्यालयात चहा यायचा, माझ्या टेबलापर्यंत पोचायचा नाही. आवक कारकून माझ्यासमोर मुद्दाम लंगडायचा. गुरुवारी काही जणांनी साहेबांकडे जाऊन सांगितलं की गोल झाला आहे, मेमोप्रमाणे आता ड्रायव्हरला उभं करा. मी कपाटामागून ऐकत होतो. साहेबांनी मेमोची कार्यालयीन प्रत मागवली आणि मोठ्याने वाचली. मग म्हणाले, "'नवव्या सामन्यात' असं लिहिलंय. नववा सामना अजून व्हायचाय. जो गोल झालाच नाही त्यासाठी मी कर्मचाऱ्यावर कारवाई करू शकत नाही."

"पण साहेब, तुमचा गोल..."

"तोही झाला नाही," साहेब म्हणाले आणि मेमोची प्रत परत फायलीत लावली.

मला कपाटामागे रडू आलं. फायलींची धूळ गेली डोळ्यात असं मी शिपायाला सांगितलं.

दुसऱ्या रविवारच्या सामन्याचं वर्णन फार करण्यासारखं नाही. तो इतका वाईट होता की लॉन्ड्रीवालेसुद्धा मधेच इस्त्री करायला निघून गेले. दोन्ही संघ आधीच्या सामन्यात फुटलेले, ज्याला त्याला कुठेतरी पट्टी. खांब आता बरोबर सात बत्तीसवर होते, आतून, मी, साहेब आणि कंपाउंडर अशा तिघांच्या सह्यांनिशी. चेंडू बहुतेक वेळ मैदानाच्या मधे नुसता दमलेला पडलेला असायचा. शून्य शून्य.

शेवटच्या मिनिटाला कंपाउंडरने लांबून मारला. चेंडू फार जोरात नव्हता हे मान्य. चष्मेवाले नंतर म्हणाले की त्यांना तो दोन्ही डोळ्यांना वेगवेगळा दिसला. पण तो उजव्या खांबाच्या आत चालला होता, त्याबद्दल वाद नाही. मी डोळे उघडे ठेवले. सासूबाईंचा आवाज ऐकू आला, पण शब्द कळले नाहीत. मी उजवीकडे पडलो, म्हणजे उडी असं तिला म्हणवत नाही, आणि चेंडू माझ्या दोन्ही हातांत आला. आला तो राहिला. मी तो पोटाशी धरून गवतावर पडून राहिलो. पंचांनी शिट्टी वाजवली.

लोक धावत आले. आवक कारकून विसरून दोन्ही पायांवर धावला. ड्रायव्हरने मला धरून बसतं केलं. आम्ही लीगमध्ये राहिलो होतो. कंपाउंडरच्या संघाला जावं लागणार होतं. तरी त्याने येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि यावेळी मला ते आवडलं.

हेडमास्तर पिशवी घेऊन आले. चेंडू लीगचा, सामना संपला की जमा करायचा.

"द्या," ते म्हणाले.

मला देता येईना. हात सुटतच नव्हते.

"अहो, द्या ना," बायको हळूच म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "माणसं खोळंबलीत."

"दोन मिनिटं," मी म्हणालो.

हेडमास्तर काहीतरी बोलणार होते. पण मोठ्या साहेबांनी, आयुष्यात पहिल्यांदाच तोंडी, आदेश दिला, "थांबा. त्यांना दोन मिनिटं द्या."

हेडमास्तरांनी घड्याळ पुढे धरलं. आणि सगळेजण, दोन्ही संघ, सासूबाईंसकट गप्प उभे राहिले, आणि मी गवतावर बसून चेंडू धरून होतो.